बारा सागरी मैलांच्या आत कोण, बाहेर कोण? कोकण किनाऱ्यावरून समजून घेऊ संघराज्य

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. रात्री एलईडीचे झोत टाकून मासळी गोळा केली जाते, परराज्यांतले मोठे ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या नौका) किनाऱ्याजवळ घुसून गिलनेटवाल्यांची, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणाऱ्यांची, जाळी फाडून जातात, आणि दाद मागायला गेलेल्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, उत्तर मिळतं की ती नौका आमच्या हद्दीत नव्हती. मग कोणाच्या हद्दीत होती? आमदार म्हणतात हा केंद्राचा विषय, खासदार म्हणतात राज्याचा. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम आणले आणि बंदरांवर नवा प्रश्न उभा राहिला: राज्याचा परवाना हातात असताना हा दिल्लीचा पास कशासाठी?

याचं उत्तर भारताच्या राज्यघटनेत आहे. आपल्या प्रत्येकावर एकाच वेळी दोन सरकारांचा अंमल असतो आणि कोणाची सत्ता कुठवर, हे घटनेत लिहून ठेवलेलं आहे. ते कसं लिहिलंय हे कळलं की फक्त मासेमारीचाच नव्हे, तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध), बंदरं, डिझेल परतावा, वादळाची नुकसानभरपाई अशा कोकणातल्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ हाती लागतं.

## समुद्रातली रेष

घटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन याद्या आहेत. पहिली संघसूची, म्हणजे केंद्राचे विषय. दुसरी राज्यसूची. तिसरी समवर्ती सूची, ज्यातल्या विषयांवर दोघंही कायदे करू शकतात. राज्यसूचीतली २१वी नोंद एका शब्दाची आहे: मत्स्यव्यवसाय. संघसूचीतली ५७वी नोंद सांगते: प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी. दोन नोंदी एकत्र वाचल्या की अर्थ स्पष्ट होतो. प्रादेशिक समुद्र संपेपर्यंत मासेमारीचे नियम राज्य करणार, त्यापुढे केंद्र.

प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे बारा मैलांचे साधारण २२ किलोमीटर. हे अंतर पुळणीपासून मोजायचं नसतं, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ते मोजतात आधाररेषेपासून. ही रेषा सरकार अधिसूचना काढून ठरवतं. ती बहुतेक ठिकाणी ओहोटीच्या पाण्याच्या रेषेला धरून असते, पण किनारा दंतुर असेल तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळही ओढलेली असू शकते. त्यामुळे किनाऱ्यावरून नजरेने केलेला अंदाज आणि जीपीएसवरची हद्द यांत बराच फरक पडू शकतो.

१२ मैलांच्या पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र असतं. तिथल्या पाण्यात इतर देशांची जहाजं जाऊ शकतात, पण मासळी आणि तळाखालचं तेल-वायू यांवर हक्क फक्त भारताचा. या साऱ्या हद्दी संसदेच्या १९७६च्या कायद्याने ठरल्या.

आता बिघडतं कुठे ते पाहा. महाराष्ट्राने आपला सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ मध्ये केला. किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीच्या आत ट्रॉलिंग नको, कोणतं जाळं कुठे चालेल, परवाना कोण देणार, हे सगळं त्याखाली ठरतं. २०२१च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि तहसीलदारांकडे चालणारी सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आली. त्याच १९८१ साली संसदेनेही बाहेरच्या समुद्रासाठी कायदा केला, पण तो परदेशी नौकांपुरता. म्हणजे १२ मैलांच्या आत राज्याचा कायदा आणि बाहेर परदेशी नौकांसाठी केंद्राचा. १५ मैलांवर मासेमारी करणाऱ्या भारतीय नौकेचं काय? तिच्यासाठी कित्येक दशकं पुरेसा कायदाच नव्हता. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आदेश काढून बाहेरच्या समुद्रातही एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर बंदी घातली, पण बंदी मोडणाऱ्याला कोण पकडणार, कोणत्या कलमाखाली शिक्षा करणार, ही बाजू लंगडीच राहिली. एलईडीवाल्यांनी नेमका याच फटीचा फायदा घेतला. गस्ती नौका दिसली की दिवे मालवून १२ मैलांबाहेर सरकायचं.

नोव्हेंबर २०२५चे नियम ही फट बुजवायला आले आहेत. बाहेरच्या समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकांना आणि २४ मीटर किंवा त्याहून लांब मोटर नौकांना ऑनलाइन प्रवेश पास घ्यावा लागेल. पारंपरिक आणि लहान मच्छीमारांना त्यातून सूट आहे. एलईडी, जोडीने ओढायचं ट्रॉलिंग आणि बुल ट्रॉलिंग यांवर बंदी कायम आहे. राज्याच्या परवान्याची जागा हा पास घेत नाही. परवाना आतल्या पाण्याचा, पास बाहेरच्या.

## दोन सरकारं, पण मालक कोण?

संघराज्य म्हणजे जिथे सरकारचे दोन स्तर असतात आणि दोघांनाही अधिकार थेट घटनेकडून मिळतात. व्याख्येचा गाभा शेवटच्या तीन शब्दांत आहे. महाराष्ट्र विधानसभेला मत्स्यव्यवसायावर कायदा करण्याचा अधिकार दिल्लीने दिलेला नाही, म्हणून दिल्ली तो साध्या हुकमाने काढूनही घेऊ शकत नाही.

भावकीतलं वाटणीपत्र डोळ्यांसमोर आणा. घर थोरल्याकडे, खालची वाडी धाकट्याकडे, विहीर आणि पाणंद सामाईक. धाकटा आपल्या वाडीत माड लावताना थोरल्याला विचारत नाही, कारण त्याचा हिस्सा थोरल्याच्या मेहेरबानीने आलेला नसतो, कागदाने आलेला असतो. वाद झाला तर दोघांनाही तोच कागद घेऊन कोर्टात उभं राहावं लागतं. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची हे तसंच वाटणीपत्र आहे. मूळ घटनेत त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या.

किनाऱ्याने चालत गेलं तरी ही वाटणी दिसते. दीपगृह केंद्राचं. रेल्वे, टपाल, नौदल, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. पोलीस, जमीन, शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य राज्याचे. शिक्षण, वीज, जंगल सामाईक. किल्ल्यांचीही वाटणी आहे: राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले केंद्राकडे, बाकीचे राज्याकडे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कोकणातल्या जलदुर्गांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. खांदेरीच्या तटाची तक्रार केंद्राकडे केली तर ती चुकीच्या दारात गेलेली असते.

तिन्ही याद्यांत नसलेला विषय कोणाचा? कलम २४८ प्रमाणे केंद्राचा. अमेरिकेत नेमकं उलट आहे, उरलेलं सगळं राज्यांकडे जातं.

## मग केंद्र वरचढ का वाटतं?

कारण काही बाबतींत ते आहेच, आणि ते जाणूनबुजून तसं ठेवलेलं आहे. घटनेचं पहिलं कलम भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतं. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना याचं कारण सांगितलं. आपला संघ राज्यांनी आपसांत करार करून बनलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. वाटणीपत्राशी तुलना इथे तुटते. भाऊ आधी होते आणि त्यांनी वाटणी केली, असं इथे झालेलं नाही.

त्या काळचा कोकण आठवला तर ही काळजी समजते. जंजिरा आणि सावंतवाडी ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तुकड्यातुकड्यांतून देश जुळत असताना मध्यभाग मजबूत ठेवणं घटनाकारांना गरजेचं वाटलं आणि त्यात चूक काढता येणार नाही.

याचा सर्वांत ठळक परिणाम कलम ३ मध्ये आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो राज्य सरकारच्या निर्णयाने. जिल्हा तोडणं-जोडणं हे राज्याचं काम. राज्याची हद्द बदलणं मात्र संसदेचं. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. १ मे १९६०चा महाराष्ट्र आणि ३० मे १९८७चं गोवा राज्य संसदेच्या कायद्याने झालं. राज्यसभेतही आपल्याकडे राज्यांना समान जागा नाहीत. महाराष्ट्राचे १९ सदस्य, गोव्याचा एक.

राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ हाही वरचढपणाचाच भाग, आणि त्याचा वापर अनेकदा पक्षीय सोयीसाठी झाला. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी बोम्मई खटल्यात त्याला लगाम घातला. सरकारचं बहुमत विधानसभेच्या सभागृहातच तपासलं पाहिजे आणि संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असं त्या निकालाने ठरलं. राज्य सरकारं बडतर्फ होण्याचं प्रमाण त्यानंतर स्पष्टपणे घटलं.

## जमीन राज्याचा विषय, मग सीआरझेड दिल्लीतून कसं येतं?

किनारपट्टीवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गुहागर किंवा तारकर्लीला स्वतःच्या सातबाऱ्यावर घर बांधायचं, जमीन राज्यसूचीत, आणि आडवी येते केंद्राची अधिसूचना.

रस्ता कलम २५३ मधून जातो. परदेशांशी झालेला करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय अमलात आणायचा असेल तर संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, राज्यसूचीतल्याही. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा याच वाटेने आला. त्या कायद्याखाली १९९१, २०११ आणि २०१९च्या सीआरझेड अधिसूचना निघाल्या. भरतीच्या कमाल रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत त्यांचा अंमल. २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडले. २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तिथे ना-विकास पट्टा ५० मीटरचा, त्याहून विरळ वस्तीत २०० मीटरचा. कोकणातली बहुतेक गावं विरळ वस्तीची, म्हणून मालवणकरांना २०० मीटर जाचक वाटतात ते साहजिक आहे.

पण इथेही राज्य रिकाम्या हाताने उभं नसतं. किनारा व्यवस्थापन आराखडा, म्हणजे कोणत्या गावाचा कोणता तुकडा कोणत्या वर्गात पडतो याचे नकाशे, राज्य तयार करतं आणि केंद्र मंजूर करतं. तो मंजूर झाल्याशिवाय नव्या अधिसूचनेच्या सवलती लागू होत नाहीत. मसुदा नकाशांवर जनसुनावणी होते. कोळीवाड्याची हद्द, मासळी वाळवायची खळी, होड्या ओढायची जागा नकाशावर नसेल तर ती त्याच सुनावणीत लेखी हरकत देऊन दाखवावी लागते. नकाशा कायम झाल्यावर मंत्र्यांना निवेदनं देऊन फारसं काही हलत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरच्या गावांनी सर्वांत जास्त शक्ती लावायला हवी ती इथे.

राज्याच्या विषयात संसद येण्याचे आणखी रस्ते आहेत. दोन किंवा अधिक राज्यांनी स्वतः विनंती केली तर कलम २५२. पाणी हा राज्याचा विषय असूनही १९७४चा जलप्रदूषण कायदा असाच झाला आणि पुढे महाराष्ट्रानेही तो स्वीकारला. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्यावर आज त्याच कायद्याने नियंत्रण ठेवलं जातं. राज्यसभेने दोन-तृतीयांश बहुमताने ठराव केला तर कलम २४९, आणि आणीबाणीत कलम २५०.

## सामाईक विषयात ओढाताण झाली तर

समवर्ती सूचीतल्या विषयावर दोघांचे कायदे एकमेकांशी जुळले नाहीत, तर केंद्राचा कायदा टिकतो. अपवाद एकच: राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता तो चालतो. तोही संसद पुन्हा कायदा करून बदलू शकते. हे कलम २५४.

बंदरांचं उदाहरण घ्या. ‘प्रमुख बंदर’ संघसूचीत, बाकीची बंदरं समवर्ती सूचीत. जयगड, दिघी, रेडी यांसारख्या बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. मुंबई आणि न्हावाशेवा केंद्राकडे. पालघरमधलं वाढवण प्रमुख बंदर म्हणून जाहीर झालं आणि ते केंद्राच्या वर्तुळात गेलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच्या कंपनीत न्हावाशेवा बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि राज्याच्या सागरी मंडळाचा २६ टक्के. तिथल्या मच्छीमारांच्या विरोधाचा मुख्य पत्ता दिल्ली झाला, तो एका नोंदीतल्या एका विशेषणामुळे.

जंगल मात्र आधी राज्यसूचीत होतं. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते, शिक्षण आणि आणखी ३ विषय समवर्ती सूचीत गेले. ही दुरुस्ती आणीबाणीत, विरोधी नेते तुरुंगात असताना झाली. विषय हलवणं योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असतील, पण ज्या परिस्थितीत ते झालं ती योग्य नव्हती.

सहकार्याने काम झाल्याचंही उदाहरण आपल्याच दारात आहे. रेल्वे हा पूर्णपणे केंद्राचा विषय. तरीही कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये जी कंपनी निघाली तिच्या भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के ठरले. सूची अधिकार ठरवते. एकत्र पैसा घालायला ती मनाई करत नाही.

## पैसा कोण गोळा करतं, कोणाला मिळतो

डिझेल परतावा हा प्रत्येक यांत्रिक नौकामालकाच्या जिव्हाळ्याचा विषय. डिझेलवर दोन मोठे कर असतात. उत्पादन शुल्क केंद्राचं, मूल्यवर्धित कर राज्याचा. मच्छीमार संस्थेमार्फत नौकामालकाला परत मिळतो तो राज्याचा कर, कारण राज्य स्वतःचाच कर सोडू शकतं. परतावा थकला तर प्रश्न मुंबईच्या मंत्रालयाला विचारायचा आणि उत्पादन शुल्कात सूट हवी असेल तर दिल्लीला. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घातल्या की दोन्हीकडचे लोक दुसरीकडे बोट दाखवून मोकळे होतात.

पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे. जीएसटीत असलेल्या वस्तूंचे दर, जसं जाळ्याचं सूत किंवा इंजिन, जीएसटी परिषदेत ठरतात. १०१व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि ठरावाला तीन-चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही, आणि केंद्रालाही बहुसंख्य राज्यांना बरोबर घ्यावंच लागतं.

याशिवाय केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग तो सुचवतो. पंधराव्या आयोगाने विभागणीयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. ‘विभागणीयोग्य’ हा शब्द महत्त्वाचा. उपकर आणि अधिभार त्यात येत नाहीत, ते पूर्णपणे केंद्राकडे राहतात. राज्यांची खरी नाराजी इथे आहे आणि ती रास्त आहे.

ही सारी यंत्रणा एकत्र पाहायची तर ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो, पण तो कोणत्या दराने वाटायचा हे केंद्र ठरवतं. तेव्हा बहुवार्षिक फळपिकांचा दर होता हेक्टरी १८,००० रुपये, कमाल २ हेक्टर. आता हिशेब करा. एका हेक्टरमध्ये साधारण ९९ गुंठे. ५ गुंठ्यांच्या वाडीला या दराने जेमतेम ९०० रुपये बसतात. किमान रकमेचा नियम धरला तरी पडलेले माड तोडून वाडी साफ करायची मजुरीही त्यात निघत नाही. निकष मोठ्या, सलग बागा डोळ्यांपुढे ठेवून केलेले, आणि कोकणातली वाडी गुंठ्यांत आणि झाडांत मोजायची. राज्याने तेव्हा आपल्या तिजोरीतून भर घालून दर हेक्टरी ५०,००० केला. राज्याला तसं करता आलं, कारण केंद्राचा निकष निधीतल्या पैशाला लागू होतो. राज्याच्या स्वतःच्या पैशाला तो अडवत नाही. पुढच्या वादळात झाडनिहाय भरपाई मागायची असेल तर ती मागणी दोन ठिकाणी करावी लागेल: निकष बदलण्यासाठी केंद्राकडे, भर घालण्यासाठी राज्याकडे.

## ग्रामपंचायतीचं स्थान कुठे?

२४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा मिळाली. नियमित निवडणुका, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग हे बंधनकारक झालं. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आहे आणि मत्स्यव्यवसाय त्यात पाचवा आहे.

पण ही यादी सातव्या परिशिष्टासारखी नाही. कलम २४३-जी म्हणतं की राज्य विधिमंडळ पंचायतींना असे अधिकार ‘देऊ शकेल’. द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे राज्य ठरवतं. राज्य दिल्लीकडे ज्या हक्काने बोलू शकतं, त्या हक्काने ग्रामपंचायत मुंबईकडे बोलू शकत नाही. म्हणूनच एखाद्या गावाने ग्रामसभेत ठराव केला की आमच्या किनाऱ्यासमोर पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढून घेणारं मोठं जाळं) नको, तर त्या ठरावाला नैतिक वजन असतं, पुरावा म्हणून किंमत असते, पण नौका रोखण्याचा अधिकार त्यातून येत नाही. दिल्लीकडून अधिकार हवेत म्हणणाऱ्या राज्याने ते खाली का सोडू नयेत, हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या सरकारला विचारण्यासारखा आहे.

## ‘संसद घटनाच बदलू शकते, मग या वाटणीला अर्थ काय?’

हा आक्षेप गंभीर आहे. कलम ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. सातव्या परिशिष्टाला, उच्च न्यायालयांना किंवा राज्यांच्या संसदेतल्या प्रतिनिधित्वाला हात लावायचा असेल तर शिवाय निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. म्हणजे ‘मत्स्यव्यवसाय’ ही नोंद राज्यसूचीतून काढायची तर एका सभागृहातलं बहुमत पुरत नाही.

संसदेचा हा अधिकार किती मोठा, या वादात कोकणातल्या खासदाराचं नाव आहे. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही असं सांगितलं, तेव्हा राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. शेवटी २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ मतांनी मधली वाट काढली: संसद घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करू शकते, पण मूलभूत चौकट मोडू शकत नाही. बोम्मई निकालाने संघराज्याला त्या चौकटीत बसवलं.

## ‘समुद्र एकच, मासा हद्द ओळखत नाही. मग सगळं केंद्राकडेच द्या’

यात तथ्य आहे. म्हणूनच पावसाळी बंदीत दोघांनी तारखा जुळवल्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बाहेरच्या समुद्रात केंद्राच्या आदेशाने आणि आतल्या समुद्रात महाराष्ट्राच्या आदेशाने बंदी असते. पण केंद्रालाही सगळ्या देशाला एकच तारीख लावता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, कारण तिथला माशांचा विणीचा काळ वेगळा. आणि केरळ आपल्या आतल्या पाण्यात ट्रॉलिंगबंदी ५२ दिवसांची ठेवतं.

रापण, डोल, गिलनेट आणि पर्ससीन या वेगवेगळ्या जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्यांचं आपसांतलं भांडण प्रत्येक किनाऱ्यावर निराळं असतं. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबरपुरतं बांधलं. तमिळनाडूने पर्ससीनवर सरसकट बंदी घातली. तिथल्या नौकामालकांचा युक्तिवाद होता की १२ मैलांपलीकडे राज्याचा अधिकारच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: १२ मैलांबाहेर पर्ससीन चालेल, पण फक्त सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि नौकेवर माग काढणारं यंत्र लावून. बाहेर मारलेली मासळी शेवटी राज्याच्याच बंदरात उतरते आणि नौका राज्याच्याच पाण्यातून परत येते, ही खरी गुंतागुंत आहे. सगळा समुद्र दिल्लीकडे दिला तर सोमवारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर काय चाललंय हे पाहायला कोण येणार? माझं मत असं की आतला समुद्र राज्याकडेच राहावा आणि बाहेरच्या समुद्रासाठी केंद्राचे नियम राज्यांना विचारूनच व्हावेत.

## तक्रार कुठे आणि कशी

पहिलं काम ठिकाण नोंदवण्याचं. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि शक्य असेल तर स्क्रीनचा फोटो. ‘आचऱ्यासमोर, बऱ्यापैकी आत’ असं लिहिलेली तक्रार सुनावणीत टिकत नाही, कारण हद्दच सिद्ध होत नाही. दुसरं, नौकेचा नोंदणी क्रमांक. तो आयएनडी या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढची दोन अक्षरं राज्य सांगतात: एमएच महाराष्ट्र, केए कर्नाटक, जीए गोवा. नौका कोणत्याही राज्याची असो, महाराष्ट्राच्या १२ मैलांत असेल तर महाराष्ट्राचा कायदा लागतो.

ठिकाण आत असेल तर अर्ज मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे, मारहाण किंवा जाळ्यांची नासधूस असेल तर शिवाय सागरी पोलीस ठाण्यात, कारण पोलीस राज्याचा विषय. ठिकाण बाहेर असेल तर तटरक्षक दल आणि केंद्राचा मत्स्यव्यवसाय विभाग, आणि प्रत सहायक आयुक्तांना, कारण नौकेची नोंदणी आणि बंदरावरची तपासणी शेवटी राज्याच्याच यंत्रणेकडून होते. कोणाचं काम हेच कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला कळवायचा असतो. त्या कळवण्याच्या पत्राची पोच जपून ठेवा, कारण विषय कोणाचा आहे हे त्या कार्यालयाने लेखी मान्य केल्याचा तो पुरावा असतो.